शीत घडाईतील वंगण आणि पृष्ठभागाची प्रत

बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना 1985 साली सुरू झाल्यानंतर छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, हे वाहनउद्योगाचे आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांचे मोठे केंद्र बनले. वाहनाला लागणारे बोल्ट, पिना आणि लहान शाफ्ट ज्या पद्धतींनी घडवले जातात, त्यांत कोल्ड फोर्जिंग, म्हणजे पोलाद न तापवता प्रेसच्या दाबाने त्याला डायमध्ये आकार देण्याची शीत घडाई, महत्त्वाची आहे. आणि अशा भागाचा पृष्ठभाग गुळगुळीत निघेल की ओरखड्यांचा, हे बऱ्याच अंशी वंगणावर ठरते.

या प्रक्रियेत डायवरील दाब 2000 मेगापास्कलपर्यंत, म्हणजे वातावरणीय दाबाच्या सुमारे वीस हजार पटींपर्यंत जाऊ शकतो, शिवाय धातू पसरताना त्याचा कोरा, ऑक्साइडविरहित पृष्ठभाग उघडा पडतो, त्यामुळे साध्या तेलाचा थर तुटतो आणि पोलाद डायला चिकटून पुढच्या प्रत्येक नगावर चरे उमटवते. यावर 1930च्या दशकात जर्मनीत फ्रिट्झ सिंगर यांनी फॉस्फेटच्या थराचा उपाय पुढे आणला. मऊ केलेला आणि स्वच्छ धुतलेला पोलादाचा तुकडा झिंक फॉस्फेटच्या द्रावणात बुडवला की त्याच्या पृष्ठभागावर घट्ट बसलेले सूक्ष्म स्फटिक तयार होतात, आणि नंतर सोडियम स्टिअरेट या साबणाच्या कुंडात त्यांतील काही भागाचे झिंक स्टिअरेट होऊन धातूबरोबर पसरणारा निसरडा थर मिळतो.

मात्र थर जाड असला म्हणजे पृष्ठभाग उत्तम होतोच असे नाही. जास्तीचे वंगण डाय आणि धातू यांच्यामध्ये अडकून राहिले, तर तेथे धातूला डायचा गुळगुळीतपणा मिळत नाही, पृष्ठभाग खडबडीत व निस्तेज राहतो आणि कोपऱ्यांत साचलेल्या वंगणामुळे आकारही अपुरा भरतो. थर फार पातळ झाला, तर घर्षण वाढून ओरखडे पडतात व डाय लवकर झिजते. म्हणून थराचे वजन, कुंडाचे तापमान आणि धुण्याची स्वच्छता यांची नियमित तपासणी ही डायच्या मापांइतकीच काटेकोर असावी लागते.

फॉस्फेटिंगला वारंवार धुण्यासाठी पाणी लागते आणि त्यातून प्रक्रिया करावा लागणारा गाळ निघतो. जायकवाडी धरणाच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या छत्रपती संभाजीनगरच्या अवर्षणप्रवण प्रदेशात, फॉस्फेटशिवाय एकाच टप्प्यात लावता येणाऱ्या पॉलिमरयुक्त वंगणांची कसोशीने चाचणी घेणे आणि जेथे ती टिकतात तेथे ती स्वीकारणे, हे उद्योगाने आपले कर्तव्य मानले पाहिजे.