लिपस्टिकच्या नळीतला सूर

वरणगावच्या फॅक्टरी वसाहतीत वाढलेल्या पोराला पितळ लांबूनच ओळखू येतं. १९६४ साली इथे आयुधनिर्माणी आली आणि काडतुसांचं पितळ गावाच्या पोटापाण्याचं झालं. आमचे दादा, म्हणजे वडील, तिथेच कामाला होते. फॅक्टरीतलं घरी बोलायचं नाही हा नियम ते पाळत. पण एक गोष्ट मात्र कौतुकाने सांगत. पितळेची छोटी वाटी घ्यायची, साच्यातून दाबून ओढायची, भट्टीत नरम करायची, पुन्हा ओढायची. असं चार वेळा केलं की वाटीची नळी होते. कुठे सांधा नाही, कुठे डाग नाही.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या अमेरिकन गिटारच्या पिकअपचा, म्हणजे तारांचं कंपन विजेत पकडणाऱ्या भागाचा, फोटो मी त्यांना दाखवला. गिटारकडे त्यांनी पाहिलंच नाही. चष्मा कपाळावर सरकवून पिकअपची नळी पाहिली आणि म्हणाले, "अरे, ही तर काडतुसाची केस आहे. वरून क्रोम दिलंय. ड्रॉइंग चांगलं झालंय."

"दादा, ही लिपस्टिकची डबी आहे."

"असेल. मशीनला काय माहीत, आत दारू जाणार का लाली?"

त्या गिटारचं नाव डॅनइलेक्ट्रो. तिचा कारखाना १९६९ मध्ये बंद पडला आणि गेली पंचवीस-तीस वर्षं मी त्या बंद कारखान्याच्या मागे आहे. सुरुवात भुसावळच्या रेल्वे कॉलनीत झाली. तिथल्या एका निवृत्त इंजिन ड्रायव्हरकडे लेड झेपेलिनची कॅसेट होती आणि तिच्यात 'काश्मीर' होतं. (या गाण्याचा काश्मीरशी काही संबंध नाही. गायक रॉबर्ट प्लांटला त्याचे शब्द मोरोक्कोच्या वाळवंटातून गाडीने जाताना सुचले. हे कळलं तेव्हा मला थोडी फसवणूकच वाटली होती.) पुढे कधीतरी त्यांचा गिटारवादक जिमी पेज ते रंगमंचावर वाजवतानाचं चित्रण पाहिलं. त्याच्या गळ्यात नेहमीची महागडी गिटार नव्हती. काळी-पांढरी, चपटी, खेळण्यातली वाटावी अशी एक वस्तू होती. जगातल्या श्रीमंत गिटारवादकांपैकी एक माणूस हे पुठ्ठ्याचं काय घेऊन उभा आहे, हा प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच.

पुठ्ठा म्हणालो ते अगदी चूक नव्हतं. शाळेत परीक्षेला आपण जे क्लिपवालं पॅड न्यायचो, ते ज्या हार्डबोर्डचं असतं त्याच जातीचा बोर्ड. अमेरिकेत त्याला मॅसोनाइट म्हणतात. विल्यम मेसन नावाच्या माणसाने १९२४ च्या सुमारास लाकडाच्या ढलप्यांना वाफेने फोडून आणि दाबून तो बनवला. पॉपलरच्या स्वस्त लाकडाची चौकट, तिला पुढून-मागून हार्डबोर्ड, कडेचा ओबडधोबडपणा झाकायला सभोवार रेक्झिनसारखी पट्टी. झाली गिटार. मानेत दोन पोलादी सळ्या, त्याही घट्ट बसवलेल्या, म्हणजे मान वाकली तर पिळून सरळ करायची सोय नाही. मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी अ‍ॅल्युमिनियमची. आणि पिकअप म्हणजे चुंबकाच्या कांडीवर तांब्याची तार गुंडाळून, वर टेप लावून, लिपस्टिकच्या नळीत सरकवलेला ऐवज.

हे सगळं डोक्यातून काढणारा माणूस नेथन डॅनियल. १९१२ चा जन्म, न्यूयॉर्कचा, लिथुआनियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला. १९३० च्या दशकात तो एपिफोन कंपनीला अ‍ॅम्प्लिफायर बनवून द्यायचा. मग युद्ध आलं. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरसाठी न्यू जर्सीतल्या फोर्ट मन्मथ इथे तो नागरी तंत्रज्ञ म्हणून काम करू लागला. लष्करी मोटारसायकलच्या इंजिनातल्या ठिणग्यांमुळे शेजारच्या बिनतारी संचात खरखर होते. ती कमी खर्चात कशी अडवायची, हे त्याने शोधून दिलं. मला वाटतं, त्याच्या आयुष्याचं सगळं सूत्र या एका कामात आहे. खरखर अडवायची, आणि तीही स्वस्तात.

१९४७ मध्ये न्यू जर्सीतल्या रेड बँक गावात त्याने स्वतःची कंपनी काढली. डॅनियलमधलं 'डॅन' आणि 'इलेक्ट्रो' जोडून नाव ठेवलं. आधी नुसते अ‍ॅम्प्लिफायर, १९५४ पासून गिटारी. पुढे कारखाना जवळच्याच नेपच्यून गावी गेला. लिपस्टिकची नळी इथे कामाला आली. धातूचं सलग कवच असल्यामुळे ती बाहेरची खरखर आत येऊ देत नाही, बाजारात तयार मिळते आणि दिसायलाही चकचकीत. लोक तिला गंमत समजतात. ती युद्धातली खरखर अडवण्याची विद्या होती. शिवाय त्याने दोन पिकअप एकापुढे एक असे, सिरीजमध्ये जोडले. इतर कंपन्या ते समांतर जोडत. दोन्ही एकदम चालू केले की डॅनइलेक्ट्रोचा आवाज एकदम अंगावर येतो, त्याचं कारण ते.

आता मूळ मुद्दा. ही गिटार इतकी चांगली होती, तर डॅनियलचं नाव फेंडर किंवा गिब्सनसारखं का झालं नाही? उत्तर साधं आहे: त्याच्या बहुतेक गिटारींवर त्याचं नावच नव्हतं. त्याची मोठी गिऱ्हाइकं म्हणजे सीअर्स आणि माँटगोमेरी वॉर्ड, जाडजूड कॅटलॉग छापून टपालाने माल विकणारी अमेरिकेतली अवाढव्य दुकानं. सीअर्सच्या गिटारीवर 'सिल्व्हरटोन' असं लिहिलेलं असे. आमच्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. केळी पिकवायची रावेर-यावलच्या शेतकऱ्याने, आणि मुंबईच्या हातगाडीवर ती ओरडून विकायची भुसावळची म्हणून.

सीअर्सचं १९६२ सालचं कॅटलॉगचं पान मला इंटरनेटवर सापडलं, आणि खरं सांगतो, या सगळ्या शोधात मला सर्वांत जास्त आनंद त्या पानाने दिला. गिटार क्रमांक १४४८. किंमत ६७ डॉलर ९५ सेंट, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण सव्वातीनशे रुपये. पण ही नुसती गिटारची किंमत नाही. गिटार ठेवायची जी पेटी, तिच्या झाकणातच अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. पेटी उघडायची, उभी करायची, वायर जोडायची आणि वाजवायला लागायचं. दोन पिकअपची मोठी बहीण, १४४९, ९९ डॉलर ९५ सेंटला. ज्याच्या बापाला गिटारही परवडत नाही आणि अ‍ॅम्प्लिफायरही परवडत नाही, अशा पोरासाठी कुणीतरी बसून विचार केला होता, हे त्या पानावर स्पष्ट दिसतं. स्वस्त वस्तू बनवणारे पुष्कळ असतात. गिऱ्हाइकाकडे पैसे नाहीत याचा आदर ठेवून स्वस्त वस्तू बनवणारे थोडे. हे माझं मत आहे, आणि त्यावर मी भांडायला तयार आहे.

बाकीची कीर्ती भराभर सांगतो. त्याने १९५६ मध्ये काढलेला सहा तारांचा बास नॅशव्हिलच्या स्टुडिओंत घरचाच झाला. पिंक फ्लॉइडचा सिड बॅरेट डॅनइलेक्ट्रो वाजवायचा. 'द हू'च्या जॉन एन्टविसलची कथा तर तिखट आहे. 'माय जनरेशन'मधल्या बासच्या तुकड्यासाठी त्याला डॅनइलेक्ट्रोच्या बारीक तारांचाच आवाज हवा होता. तार तुटली की इंग्लंडात ती तार मिळेना, म्हणून तो दरवेळी नवा बासच विकत आणायचा. शेवटी कंटाळून त्याने फेंडर घेतला आणि ध्वनिमुद्रण उरकलं.

आणि मग सतार.

१९६५ मध्ये बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वुड'मध्ये जॉर्ज हॅरिसनने सतार वाजवली आणि न्यूयॉर्कच्या प्रत्येक निर्मात्याला आपल्या गाण्यात सतार हवीशी झाली. वाजवणार कोण? व्हिन्सेंट बेल हा तिथला स्टुडिओ-गिटारवादक, हाताने आणि डोक्याने दोन्हीकडून चालणारा. डॅनियलसोबत त्याने आधीच ग्रीक बुझुकीच्या धर्तीवर बारा तारांची 'बेलझुकी' काढली होती. १९६७ मध्ये दोघांनी इलेक्ट्रिक सतार बाजारात आणली, 'कोरल' या नावाने. गिटारचीच मान, गिटारचेच पडदे, सहा मुख्य तारा, वरच्या अंगाला तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या, तेरा तारांची छोटी वीणा, एकूण तीन लिपस्टिक पिकअप. अंगावर भेगाळलेला लाल रंग. संग्राहक आजही त्या रंगाला 'बॉम्बे रेड' म्हणतात. मुंबईत असा रंग मी तरी कुठे पाहिलेला नाही.

या वाद्याचा जीव घोडीत, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या पट्टीत, आहे. मिरजेला सतारमेकर गल्लीत एक दुपार मी जवारी काढणाऱ्या कारागिरासमोर बसून काढली होती. घोडीचा माथा कानसीने घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तार माथ्यावरून उठताना त्याला किंचित घासत गेली पाहिजे, त्या घासण्यातूनच सतारीची ती मधमाशीसारखी झणझण निघते. खुली जवारी, बंद जवारी, गोल जवारी, वादकागणिक वेगळी. डॅनियल आणि बेल यांनी सपाट लाकडी पट्टीची रुंद घोडी बसवून ती झणझण कायमची करून टाकली. घासणं नाही, कान नाही, कारागीर नाही. मींडही नाही, कारण सतारीचे उंच कमानदार पडदे तिथे नाहीतच. मिरजेच्या त्या चाचांना मी मोबाइलवर फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तरफा दिल्यात, बरं केलं." एवढंच.

मला ही नक्कल आधी खटकायची, आता खटकत नाही. लेमन पायपर्सच्या 'ग्रीन टँबोरीन'मध्ये बेलने ती वाजवली, १९७० मध्ये स्टीव्ही वंडरच्या 'साइन्ड, सील्ड, डिलिव्हर्ड'ची सुरुवात तिनेच झाली, स्टीली डॅनच्या 'डू इट अगेन'मध्येही तीच आहे. सतार म्हणून ती खोटीच. पण तिचा स्वतःचा म्हणून एक आवाज आहे आणि तो दुसऱ्या कुठल्याच वाद्यातून निघत नाही. आणि मिरजेचं तरी काय? तिथले मूळचे कारागीर शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अमल आला, हत्यारांचं काम आटलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांना हात घातला. हत्यारांच्या पेठेतून वाद्यं निघणं ही न्यू जर्सीची मक्तेदारी नव्हे.

आता कारखाना कसा मेला ते. १९६० च्या दशकात गिटारला सोन्याचा भाव आला आणि गिटारशी संबंध नसलेल्या कंपन्या त्यात उतरल्या. सीबीएस या प्रसारण कंपनीने १९६५ मध्ये फेंडर घेतली. त्याच वर्षी बाल्डविन या पियानोवाल्यांनी इंग्लंडची बर्न्स घेतली. १९६६ मध्ये एमसीए या करमणूक कंपनीने डॅनइलेक्ट्रो घेतली. डॅनियल कारभार पाहायला राहिला. नव्या मालकांना मात्र कॅटलॉगवाल्यांच्या नावाने माल देणं कमीपणाचं वाटलं. कोरल आणि डॅनइलेक्ट्रो या नावांनी छोट्या छोट्या वाद्यांच्या दुकानांतून विक्री करायचं ठरलं. तिथे शेजारी फेंडर आणि गिब्सन टांगलेल्या. हार्डबोर्डची गिटार त्यांच्याशेजारी टांगली की ती हार्डबोर्डचीच दिसणार. तीन वर्षांत, १९६९ मध्ये, नेपच्यूनचा कारखाना बंद.

अनेक वर्षं मी सगळा दोष एमसीएच्या माथी मारत असे आणि मित्रांना तसं ठासून सांगत असे. पण नंतर इतरांच्या तारखा पाहिल्या. तशाच स्वस्त गिटारी करणारी शिकागोची के कंपनी व्हॅल्को या दुसऱ्या गिटार कंपनीने घेतली आणि १९६८ च्या सुमारास दोघी मिळून बुडाल्या. तशीच हार्मनी ही कंपनी १९७५ मध्ये गेली. त्यांच्यावर कुठे एमसीए होती? जपानी माल येत होता; सीअर्स स्वतःच सिल्व्हरटोन नावाखाली जपानच्या टीस्कोच्या गिटारी विकू लागली होती. खुद्द कोरलच्या काही पोकळ गिटारींची अंगं जपानच्या कावाईकडून यायची. म्हणजे जो पूर येणार होता तो येणारच होता. एमसीएने फक्त बांधाची माती आधीच काढून ठेवली. माझं आधीचं मत मी एवढं मागे घेतो, याहून जास्त नाही.

उरलेला माल गिटारी बनवणाऱ्या डॅन आर्मस्ट्राँगने विकत घेतला, त्यावर नवे पिकअप लावले आणि विकला. डॅनियल पुढे हवाईला गेला आणि समुद्रात न डुलणाऱ्या बोटींच्या रचनेत रमला. खरखर नको, हेलकावे नकोत. माणूस बदलला नव्हता. १९९४ मध्ये तो तिथेच वारला. नॅशव्हिलच्या जेरी जोन्स यांनी त्याच्या गिटारी आणि इलेक्ट्रिक सतारी मूळ मालापेक्षाही नेटक्या करून विकल्या; २०११ मध्ये त्यांनीही शटर ओढलं. डॅनइलेक्ट्रो हे नाव १९९० च्या दशकाच्या अखेरीस दुसऱ्या कंपनीने घेतलं, आणि त्या गिटारी आधी कोरियात, मग चीनमध्ये बनू लागल्या. आता त्यांच्यावर नाव ठळक असतं.

जाता जाता एक विनंती. भुसावळ, इगतपुरी, कल्याणच्या रेल्वे कॉलन्यांत, किंवा परदेशी शिकून आलेल्या एखाद्या काकांच्या माळ्यावर, जुनी चपटी गिटार पडलेली असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी तीन गोष्टी पाहा. तारांखालचा पिकअप चकचकीत गोल नळीचा आहे का, मानेच्या टोकाची पट्टी अ‍ॅल्युमिनियमची आहे का, आणि मागची बाजू परीक्षेच्या पॅडसारखी लागते का. तिन्हींचं उत्तर हो असेल, तर वर काहीही नाव लिहिलेलं असो, या अंकाच्या पत्त्यावर मला दोन ओळी टाका. मी वरणगावहून पहिल्या गाडीने येतो. दादांनाही घेऊन येईन. त्यांना नळी हातात धरून बघायची आहे.