स्पेनची तांबडी वाइन आणि शेतकऱ्याचा पैसा

समृद्धी महामार्गाच्या भूसंपादनाचा मोबदला आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील अनेक खातेदारांच्या हातीं आला. तेव्हांपासून तो कोठें गुंतवावा, ही पृच्छा आम्हांकडे वारंवार होते. देऊळगाव राजाच्या एका बागाइतदारानें तर स्पेनची दुर्मिळ तांबडी वाइन घेऊन ठेवावी काय, असें विचारलें. प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. म्हणून त्याचा येथें विचार करूं.

या व्यवहाराचें मर्म जोंधळ्याच्या पेवासारखें आहे. एका सालचा माल ठराविक असतो; जसजसा तो पिऊन संपतो, तसतसा उरलेल्याचा भाव चढतो. स्पेनमध्यें १८६४ सालीं स्थापन झालेली वेगा सिसिलिया ही पेढी आपली ‘उनिको’ वाइन सुमारें दहा वर्षें मुरवून मग विकते. ‘पिंगस’ या वाइनचा पहिला हंगाम १९९५ चा. अमेरिकन परीक्षक रॉबर्ट पार्कर यांनीं तीस शंभरांपैकीं फार वरचे गुण दिले. पुढें १९९७ सालीं तिच्या ७५ पेट्या नेणारें जहाज अझोर बेटांजवळ बुडालें आणि उरलेल्या बाटल्यांचा भाव दुपटीहून अधिक झाला.

परंतु पेवांतील जोंधळा न विकला तरी खातां येतो. बाटलीचें तसें नाहीं. तीस अंधार व बारातेरा अंशांचा गारवा लागतो. आपल्याकडे वैशाखांत पारा चाळिसांवर जातो. म्हणजे परदेशीं भाड्याची वखार व विमा आला. शिवाय जमिनीस जसा सातबारा, तसा बाटलीसही हस्तांतराचा व साठवणीचा दाखला हवा. बनावट दुर्मिळ वाइन विकल्याबद्दल रूडी कुर्नियावान हा न्यूयॉर्कमध्यें २०१३ सालीं दोषी ठरला. त्याचे ग्राहक सधन व जाणते होते. आपल्या राज्यांत तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून विक्रीच करतां येत नाहीं.

आतां हिशेब पाहूं. समजा, १,००,००० रुपये घातले व दहा वर्षांनीं माल १,५०,००० रुपयांस गेला. वखार व विमा वर्षास २,००० प्रमाणें २०,००० आणि दलाली शेंकडा १० प्रमाणें १५,००० वजा जातां हातीं १,१५,००० राहतात. तीच रक्कम शेंकडा ६ चक्रवाढ व्याजानें सुमारें १,७९,००० होते.

चैनीच्या वस्तूस मंदीची झळ आधीं लागते. २००८ च्या मंदीनंतर वाइनच्या द्राक्षांची मागणी ओसरली, तेव्हां नाशिककडील अनेक बागाइतदारांस उभ्या बागा तोडाव्या लागल्या. उलट, शेजारच्या जालना तालुक्यांतील कडवंचीकरांनीं पाणलोटाचीं कामें व शेततळीं यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या केल्या.

सारांश, ज्या मालाची पारख आपणांस नाहीं, जो आपल्या घरीं टिकत नाहीं व आपल्या बाजारांत विकत नाहीं, त्यांत जमिनीचा मोबदला घालूं नये. गेलेली जमीन परत येत नाहीं. तिच्या पैशानें आधीं कर्ज फेडावें, मग राहिलेल्या जमिनीस पाणी द्यावें, असें आमचें वाचकांस सांगणें आहे.