ब्रँडेड कानटोपी ३०० रुपयांत? गुन्हा टोपीत नाही, लेबलात!

चऱ्होलीच्या चौकात ३०० रुपयांना ‘मोंक्लेर’ची कानटोपी कोणी पुढे केली, तर ती खरी नाही हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. या इटालियन ब्रँडची मूळ टोपी पाच आकडी किमतीची.

बिनलोगोची टोपी विणणे गुन्हा नाही. लुधियानात असा माल ढिगाने तयार होतो. त्यावर दुसऱ्याचे लेबल शिवले की प्रकरण ट्रेडमार्क कायदा, १९९९ खाली येते. बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही ६ महिने ते ३ वर्षे कैद, ५० हजार ते २ लाख रुपये दंड. मात्र विनावॉरंट झडतीसाठी किमान उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी आणि ट्रेडमार्क निबंधकांचे मत लागते. त्यामुळे लोगोच्या चित्राचा आधार घेत कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ लावले जाते. ते दखलपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

अडकतो बहुधा हातगाडीवाला. पुरेशी खबरदारी घेतली होती आणि माल कुणाकडून आणला, हे दाखवता आले तर त्याला बचाव आहे. पण घाऊक बाजारातून बिल घेतो कोण?

ग्राहकाला शिक्षा नाही. ‘शुद्ध लोकर’ म्हणून विकत घेतली असेल, तर सुटा धागा जाळून पाहा. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो, अॅक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. फसवणुकीची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.