मूर्ती गेल्या, आता आपणही जाऊ : मॉरिशसचा सावकाश प्रवास

पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर, कळवे, तांबडशेत ही गणपतीच्या कारखान्यांची गावे. भाद्रपदात बसणारा बाप्पा इथून कितीतरी महिने आधी गवताच्या गादीत, खोक्यात बंद होऊन निघतो. काही खोकी न्हावाशेवा बंदरातून बोटीने अमेरिकेला, इंग्लंडला, मॉरिशसला जातात. मूर्ती घडविणारी माणसे मात्र बहुधा पंढरपूर, तुळजापूर, फार तर काशी एवढीच हिंडलेली असतात.

जोह्यातील असेच एक जोडपे माझ्या चांगल्या परिचयाचे आहे. अडीच एकर भात, त्यातले निम्मे खारातले, आणि घरालगत लहानसा कारखाना. कारभारी साचे पाहतात, वहिनी डोळ्यांची आखणी करतात. त्यांचे वय अठ्ठावन्न, वहिनींचे चौपन्न. मुलगी सासरी गेली, मुलगा नोकरीला लागला. मूर्तींचे पैसे हाती आले तेव्हा मुलाने एका सहल कंपनीचे रंगीत पत्रक आणून दिले. नऊ दिवसांत पाच देश! वहिनींनी ते नीट वाचले आणि मला म्हणाल्या, "साहेब, सकाळी सहाला उठायचं, बसमधी बसायचं, उतरून फोटू काढायचा न् परत बसमधी बसायचं. यापरीस आमचा कारखाना बरा नाय का?"

त्यांचे म्हणणे मला पटले. जन्मभर पायांनी आणि हातांनी काम केलेली माणसे बसून राहिली की आंबून जातात. त्यांना चालायला हवे, बाजारात भाव विचारायला हवा, दुसऱ्याच्या शेतात डोकावायला हवे, आणि दुपारी पाय पसरून पडायलाही हवे. असा प्रवास आपला आपण आखता येतो. शेतीखात्यातील नोकरीत मी आजवर पिकांची वेळापत्रके पुष्कळ केली. हे वेळापत्रक प्रथमच केले, पण रीत तीच. आधी हंगाम पाहायचा, मग जमीन, मग खर्च.

हंगामाचा प्रश्न सर्वांत कठीण निघाला. कारभाऱ्यांची इच्छा गणेशोत्सवात मॉरिशसला जाण्याची. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. परंतु चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत कारखान्यात दिवे जळत असतात आणि स्वतःच्या घरी गणपती असतो, तेव्हा ते शक्यच नव्हते. विसर्जनानंतर जावे तर व्यापाऱ्यांकडची येणी वसूल व्हायची असतात, आणि तेवढ्यात हळवे भात कापणीला येते. गरवे त्यानंतर. भात झोडून कणगीत पडले आणि गोड्या जमिनीत अंगओलीवर वाल पेरून झाला, की मग तीन आठवडे शेत आपल्याला हाक मारीत नाही. खारातल्या जमिनीत तर रब्बीचे काही नसतेच. म्हणून नोव्हेंबरचा उत्तरार्ध ठरला. माघी गणपतीच्या मूर्तींचे काम त्यानंतर हातात घेता येते.

मॉरिशसच्या दृष्टीनेही हा काळ बरा. तो देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्या थंडीत तिथे उन्हाळा असतो. वादळांचा खरा जोर जानेवारी ते मार्चमध्ये. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे त्यातल्या त्यात कोरडे महिने. नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे लिची पिकते, गुलमोहर फुलतो आणि उसाची तोडणी शेवटाला आलेली असते. शेतकऱ्याने दुसऱ्याचा देश तोडणीच्या दिवसांत पाहावा, म्हणजे त्याला सगळे समजते.

मॉरिशसच का, असे पुष्कळांनी विचारले. परदेश म्हणजे युरोपच, असे कोणी ठरविले कोण जाणे! मॉरिशस बेट सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. लांबी जेमतेम 65 किलोमीटर. मुक्काम बदलायचा तरी तास-दीड तासाचा प्रवास. मुंबईहून थेट विमान सहा-साडेसहा तासांत पोचते, आणि घड्याळ फक्त दीड तास मागे करावे लागते, त्यामुळे झोप बिघडत नाही. भारतीय माणसाला सहलीसाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. आणि मुख्य म्हणजे तिथे आपली माणसे आहेत.

इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. 1834 पासून 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे करारावर मॉरिशसला उतरली. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश आणि मद्रासकडची. पण मुंबई बंदरातून आपल्या कोकणातलीही पुष्कळ गेली. त्यांची नातवंडे-पणतवंडे घरात क्रिओल बोलतात, तरी शाळेत मराठी शिकतात. सणासमारंभाला 'झाकरी' नाचतात. आपल्या कोकणातल्या जाखडीचेच हे रूप. दीडशे वर्षे समुद्रापलीकडे राहून नाच टिकला, याचे मला फार कौतुक वाटते.

आता मुक्काम. चौदा रात्रींत चारच ठिकाणे घ्यायची असे आम्ही ठरविले. कारभाऱ्यांना सात हवी होती, वहिनींना दोन. रोज पिशव्या भरण्यात निम्मा दिवस जातो, आणि ते काम शेवटी बाईच्याच वाट्याला येते. म्हणून चारावर तडजोड झाली.

पहिल्या तीन रात्री माहेबूर गावी. विमानतळ जवळच आहे, त्यामुळे उतरल्यावर दगदग नाही. सोमवारी तिथे मोठा बाजार भरतो. भाजी, फळे, मसाले, कापड, सगळे मिळते. तिथली 'धोल पुरी' जरूर खावी. पिवळ्या डाळीचे पुरण घातलेली तिखटामिठाची पोळी म्हणा ना! जवळच ब्ल्यू बे येथे समुद्राखालचे प्रवाळ काचेच्या तळाच्या होडीतून दिसते. पाण्यात उतरायचे तर पायात रबरी बूट हवेत. खडकांवर काटेरी समुद्री जीव असतात, पायात काटा मोडला तर सहल तिथेच थांबते.

नंतर तीन रात्री उंचावरच्या क्युरपीप शहरात. हवा थंड, पावसाची सर केव्हाही येते, तेव्हा छत्री हवी. इथून गंगा तलाव पाहता येतो. जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेले हे पाणी तिथल्या हिंदूंनी तीर्थ मानले आहे, आणि महाशिवरात्रीला लोक चालत दर्शनाला येतात. काठावर 108 फूट उंच शंकराची मूर्ती आहे. मूर्तिकाराने ती पाहावीच, साच्याचा विचार मनात आल्याशिवाय राहणार नाही! जवळच बुआ शेरीचे चहाचे मळे आहेत आणि ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे जंगल आहे. जंगलात आखलेल्या पायवाटा असून हवे तितके चालून परत फिरता येते.

तिसरा मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आं फ्लाकला, चार रात्री. वाळूचा लांब किनारा, सुरूची झाडे, शांत पाणी. या मुक्कामात दोन दिवस काहीही ठरवायचे नाही, अशी वहिनींची अट आहे, आणि मी ती कागदावर लिहून दिली आहे. उरलेल्यातला एक दिवस शामारेलची सात रंगांची माती पाहण्याचा. लाल, तपकिरी, जांभळट मातीचे उंचवटे शेजारी शेजारी, एकमेकांत न मिसळता राहिलेले. ज्वालामुखीचा दगड झिजून ही माती झाली. शाडू मळणाऱ्या हातांना तिचे नवल वाटेल, पण ती उचलायची मनाई आहे. त्याच बाजूला ल मोर्न हा एकांड्या सुळक्याचा डोंगर आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्यावर लपून राहत. 2008 मध्ये तो जागतिक वारसा ठरला.

आणि एक दिवस कास्कावेल गावचा. मॉरिशसमध्ये सार्वजनिक गणेशोत्सव 1896 मध्ये या गावात प्रथम झाला, असे तिथले मराठी लोक सांगतात. म्हणजे टिळकांच्या उत्सवानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत! वहिनींनी मला विचारले, "आमच्या हातचा बाप्पा तिथं दिसंल का? डोळ्यांवरून वळखीन मी." मी सांगितले, की तिथेही मूर्ती पाण्यात सोडतात, तेव्हा आपली मूर्ती दिसायची नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मूर्ती नाय तर नाय. ज्यांच्या घरी बसला ती माणसं तर हायेत." तिथल्या मराठी मंडळांना आधी पत्र घालून कळवावे असे मी सुचविले आहे. अचानक दारात उभे राहण्यापेक्षा ते बरे.

शेवटच्या चार रात्री पोर्ट लुईस या राजधानीच्या आसपास. या मुक्कामावर मी मुद्दाम जास्त दिवस घातले आहेत. बंदरात 'आप्रवासी घाट' आहे. करारी मजूर याच सोळा दगडी पायऱ्या चढून आत आले. 2006 मध्ये हे स्थळ जागतिक वारसा झाले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांची जुनी दप्तरे जतन केलेली आहेत.

पांपलमूस येथील बाग मात्र मला स्वतःला पाहायची आहे, हे लपवीत नाही. लवंग-जायफळाचा व्यापार एके काळी डचांच्या मुठीत होता. पिएर प्वाव्र या फ्रेंच गृहस्थाने जायफळ आणि लवंगेची रोपे मोलुका बेटांकडून मिळवून 1770 च्या सुमारास याच बागेत लावली. आज आपल्या श्रीवर्धन-मुरुडच्या नारळ-सुपारीच्या बागांत जायफळ उभे आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' ही जात दिली आहे. अशा झाडाची चोरटी सफर ऐकली की गंमत वाटते. बागेत परातीएवढ्या, काठ वळलेल्या पानांची राक्षसी कमळे आहेत आणि आयुष्यात एकदाच फुलून मरणारा ताड आहे. शेजारी बो प्लां येथे जुन्या साखर कारखान्याचे संग्रहालय केले आहे. डचांनी 1639 मध्ये जावाहून ऊस आणला, तिथपासूनची हकिगत त्यात आहे. उसाचे चिपाड जाळून वीज करण्यात हा देश फार पूर्वीपासून पुढे आहे. भात मात्र पिकवीत नाही म्हटले तरी चालेल. तांदूळ बाहेरून येतो. शेतात काळ्या दगडांचे प्रचंड ढीग दिसतील. ते मजुरांनी हातांनी वेचून रचले, तेव्हा कुठे उसाला जमीन मोकळी झाली.

अंगात रग असेल तर ल पूस, म्हणजे 'अंगठा', हा 812 मीटरचा डोंगर चढावा. सांकशीचा किल्ला चढणाऱ्यास तो जड जाऊ नये. सकाळी लवकर निघावे, शेवटचा टप्पा खडकाचा आहे, आणि पाऊस असेल तर बेत सोडून द्यावा.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. पीककर्ज उचलून, दागिने गहाण टाकून किंवा जमिनीचा तुकडा विकून परदेशी जाऊ नये. आपल्या भागात जमिनीचे पैसे कसे येतात आणि कसे जातात, हे सर्वांनी पाहिले आहे. या जोडप्याने दोन हंगामांच्या मूर्तींमधला ठरावीक हिस्सा वहिनींच्या नावे बँकेत वेगळा ठेवला, आणि सर्व खर्च त्यातूनच व्हायचा आहे. मी त्यांना एक सोपा हिशेब शिकविला. 2025-26 मध्ये साध्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला 2369 रुपये होती. कोणताही आकडा ऐकला की त्याला 2369 ने भागायचे. किती क्विंटल भात गेले हे कळले, की समुद्राकाठचे महागडे हॉटेल आपोआप नकोसे होते आणि स्वयंपाकघर असलेली घरगुती खोली बरी वाटू लागते. अशा खोल्या तिथे मिळतात. वरणभात शिजविता आला की पोटही बरे राहते. फक्त स्वयंपाक एक दिवस वहिनींनी आणि एक दिवस कारभाऱ्यांनी करायचा, असे ठरले आहे. कारभारी सध्या कुकर लावायला शिकत आहेत.

तिकीट काही महिने आधी काढले तर बहुधा स्वस्त पडते. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर 2025 मध्ये सुरू झाला आहे, तेव्हा विमान सहारहून सुटते की नवी मुंबईहून, हे तिकिटावर नीट वाचावे. तिथे आपले रुपे कार्ड आणि यूपीआय फेब्रुवारी 2024 पासून चालू झाले असले, तरी प्रत्येक दुकानात चालेल असे धरू नये. थोडे परकीय चलन बँकेतून घ्यावे. टॅक्सीचा दर बसण्यापूर्वी ठरवावा. प्रवासविमा टाळू नये.

कागदपत्रांत खरी अडचण बायकांची होते. आधारवर सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, बँकेत तिसरेच. पासपोर्टचा अर्ज भरण्यापूर्वी ही नावे जुळवून घ्यावीत. वहिनींच्या कागदांना यातच चार महिने लागले. पासपोर्टची मुदत परतीनंतरही निदान सहा महिने शिल्लक असावी. उतरताना परतीचे तिकीट, राहण्याची सोय आणि पुरेसे पैसे दाखवावे लागतात, आणि निघण्यापूर्वी एक ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढताना पुन्हा चौकशी करावी. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्याव्यात. औषधांबाबत तिथले सरकार कडक आहे. प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, कापडी न्याव्यात.

आणि माझ्या खात्याची एक कळकळीची विनंती. बी, रोप, कंद, माती, ताजी फळे काहीही नेऊ नये आणि आणू नये. तिथल्या मराठी माणसाला पेणचे पोहे-पापड बंद पाकिटातून द्यावेत, वालाचे बियाणे नव्हे. येताना लिचीची बीसुद्धा खिशात नको. एका बीबरोबर येणारी कीड साऱ्या तालुक्याला पुरते.

दोघांचे पासपोर्ट घरी आले आहेत. वाल राखायला पुतण्या आहे, कारखान्याची किल्ली मुलाकडे राहील. दुभती म्हैस तीन आठवडे वहिनींच्या माहेरी जायची आहे. ती परक्या हाताला दूध देईल की नाही, एवढे मात्र अजून ठरायचे आहे.