जुनी पदे, नवे गळे

मालगुंडात राहणाऱ्या माणसाने 'जुने ते सोने' ही म्हण जरा जपूनच उच्चारावी. गणपतीपुळ्याचे देऊळ मागे टाकून थोडे पुढे आले की आमचे गाव लागते, आणि कवी केशवसुतांचे जन्मगाव म्हणून ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १८६६ साली येथे जन्मलेल्या या कवीने 'तुतारी' फुंकली ती जुन्याला मूठमाती द्या हे सांगण्यासाठी. असे असूनही आमच्या गावच्या ओटीवर आज सर्वांत जोरात वाद रंगतो तो जुन्या गाण्यांचाच! त्यातही जुनी गाणी नव्या गळ्यांतून पुन्हा गाइली जावीत की नाहीत, या प्रश्नावर तर चहाचे दोन दोन आधण निवून जातात.

याला निमित्त झाले ते चित्रपटांचे. २०११ साली 'बालगंधर्व' आला. नारायणराव राजहंसांची पदे आनंद भाटे यांनी गाइली आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१५ च्या दिवाळीत 'कट्यार काळजात घुसली' पडद्यावर आले. मूळ नाटक १९६७ चे. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत खुद्द वसंतराव देशपांडे. चित्रपटात ती पदे राहुल देशपांडे, महेश काळे व शंकर महादेवन यांनी नव्याने गाइली, आणि शंकर-एहसान-लॉय यांनी काही नवी गाणी त्यांच्या पंगतीला बसविली. २०२५ च्या आरंभी 'संगीत मानापमान'ही पडद्यावर आले. एकंदरीत काय, तर ज्या पदांसाठी आपले आजोबा रात्र रात्र जागत, ती आता नातवंडांच्या मोबाइलवर वाजू लागली आहेत.

पाश्चात्य देशांत असल्या पुनर्गायनाला 'कव्हर' म्हणतात. तिकडेही हाच खेळ चालतो, आणि तिकडचा अनुभव आपल्या उपयोगी पडण्यासारखा आहे. बीटल्स या इंग्रज चौकडीच्या गाण्यांवर १९७८ साली 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' नावाचा चित्रपट निघाला. बी जीज सारखे लोकप्रिय गायक त्यात होते. तरीही टीकाकारांनी तो पार झोडपून काढला. पुढे २००७ साली ज्यूली टेमर या दिग्दर्शिकेने 'अक्रॉस द युनिव्हर्स' काढला. गाणी त्याच बीटल्सची, पण ती नटनट्यांनीच गाइलेली. त्यांत हात हाती घेण्याचे एक उडते, आनंदी गाणे आहे. या बाईंनी त्याची लय उतरविली आणि मनातले प्रेम बोलून दाखवू न शकणाऱ्या एका मुलीच्या तोंडी ते घातले. शब्द तेच, चालही ओळखीची, पण गाणे एकदम एकाकी झाले. जुने गाणे पुन्हा गाताना त्याला पात्राच्या मनातून नवे कारण मिळाले, तर ते पुन्हा जन्म घेते. कारण मिळाले नाही, तर ती नुसती नक्कल होते.

आता कोणी म्हणेल, ही साहेबांची थेरे आपल्या नाट्यसंगीताला कशाला? पण, वाचकहो, घरात एखादे जुने संगीत नाटकाचे पुस्तक असेल तर ते उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असे छापून पुढे त्या काळी लोकांच्या तोंडी असलेल्या एखाद्या गाण्याचे नाव दिलेले आढळेल. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' व १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणले, तेव्हा साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली असा सारा ओळखीचा ठेवा वापरला. १९११ च्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, त्यांतही हिंदुस्थानी चिजा आणि ठुमऱ्या यांचा वास आहे. तेव्हा आपण ज्याला मूळ मूळ म्हणून कवटाळतो, ते मूळही कोणाचे तरी ऐकूनच उगवलेले असते!

'कट्यारी'ची गोष्ट तर याहून मौजेची आहे. ते नाटक मुळी दोन घराण्यांच्या झगड्याचेच. 'घेई छंद' हे पद त्यात पंडितजींच्या ढंगाने येते आणि खाँसाहेबांच्या ढंगानेही येते. शब्द एक, गायक्या दोन. शिवाय 'या भवनातील' या पदात तर जुन्या हळव्या गाण्यांनाच घराबाहेरची वाट दाखविली आहे. म्हणजे आमच्या केशवसुतांची तुतारी खाँसाहेबांच्या हवेलीतही ऐकू येते म्हणायची.

परंतु वाद असा पोथ्यांतल्या दाखल्यांनी मिटत नसतो. आमच्या घरी तो पेटला गणपतीच्या दिवसांत. मुंबईहून माझी धाकटी भाची आली होती. वय वर्षे पंधरा, गळा गोड, आणि नाट्यपदे शिकली ती सारी चित्रपटावरून. आरतीनंतर तिला गायला बसविले. शेजारचे आबा पेटीवर. तिने 'घेई छंद' सुरू केले, आणि पहिल्या आवर्तनातच आबांचे हात थांबले.

"ही जागा अशी नाही. वसंतराव ती अशी घेत नसत," आबा म्हणाले.

"पण आबा, सिनेमात अशीच आहे."

"सिनेमा राहू दे गो बाजूला. मी त्यांना समोर बसून ऐकलंय."

पोरीने पद कसेबसे पुरे केले, नमस्कार केला आणि आत गेली. रात्री तिच्या आईला तिने सांगितले, की यापुढे चार लोकांत नाट्यपद म्हणून गाणार नाही. कसेही गाइले तरी कोणीतरी मेलेल्या माणसाशी तुलना करणारच! ते वाक्य मला लागले. जुन्याचा मान राखता राखता आपण एक जिवंत गळा बंद पाडणार होतो.

दुसऱ्या दिवशी मी आबांच्या पडवीत जाऊन बसलो आणि हे सारे त्यांच्या कानावर घातले. आबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "वसंतराव तरी कुठे दोनदा एकसारखे गायचे? वन्समोअर मिळाला की दुसऱ्या वेळेला वेगळंच काहीतरी काढायचे. आम्ही पुन्हा पुन्हा जायचो ते त्यासाठीच." एवढे बोलून ते स्वतःच हसले. वकिलाने आपल्याच अशिलाविरुद्ध साक्ष द्यावी तसे झाले होते.

आबांचे गाऱ्हाणे मात्र अगदीच खोटे नव्हते. रंगभूमीवर वसंतराव स्वतः गात आणि स्वतःच खाँसाहेब असत. पडद्यावर चेहरा सचिन पिळगावकरांचा व गळा राहुल देशपांडे यांचा. नाटकातले पद त्या रात्रीच्या प्रेक्षकांबरोबर लांबे, वळे. चित्रपटातले एकदा मुद्रित झाले की दर खेळाला तेच. आणि मोठा धोका पुढेच आहे. नवे गाणे इतके सहज हाताशी येते, की तेच एकमेव आहे असे मुलांना वाटू लागते. नवा गळा जुन्याची आठवण करून देणारा असावा. त्याने जुन्याच्या दाराला कुलूप लावू नये. राहुल देशपांडे हे वसंतरावांचे नातू आणि महेश काळे हे अभिषेकीबुवांचे शिष्य. त्यांना जुने दार आतून ठाऊक आहे, म्हणून त्यांची मोडतोडही घरच्या माणसाची वाटते. महेश काळे यांना याच चित्रपटातील 'अरुणी किरणी'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

केशवसुतांनीही दुसरे काय केले? इंग्रजीतला चौदा ओळींचा सॉनेट त्यांनी उचलला आणि त्यात मराठी मनाचे बोल भरले. आज आपण त्याला सुनीत म्हणतो आणि तो परका होता हे विसरूनही जातो. त्यांची तुतारी निर्जीव जुन्यावर होती. ज्यात अजून श्वास आहे ते गाऊ नका, असे ती कोठेच म्हणत नाही.

तेव्हा यंदाच्या दिवाळीत फराळाची ताटे पुढे आली की घरातल्या मंडळींनी एक करून पाहावे. एकच पद आधी वसंतरावांच्या आवाजात लावावे, मग चित्रपटातले लावावे. वडीलधाऱ्यांनी दुसरे संपेपर्यंत तोंड उघडू नये आणि मुलांनी पहिले संपेपर्यंत उठू नये. मग घरात जो कोणी गाणारा असेल त्याला तेच पद त्याच्या परीने म्हणू द्यावे. आमच्या आबांनी भाचीला तशी चिठ्ठी धाडली आहे. त्यात एवढेच लिहिले आहे, की दिवाळीच्या सुटीत ये, तुझी ती सिनेमातली जागा मला पेटीवर बसवून घ्यायची आहे.