न पसरणाऱ्या झोताचा हिशेब

लेसरचा झोत कितीही दूर गेला तरी पसरत नाही, ही समजूत इतकी पक्की आहे की ‘अविवर्तनी झोत’ म्हटल्यावर त्यात नवीन काय, असाच प्रश्न पडतो. प्रत्यक्षात साधा लेसरही पसरतोच. हेलियम-निऑन लेसरचा एक मिलिमीटर रुंदीचा लाल झोत सव्वा मीटर गेला की त्याचं फाकणं सहज मोजता येतं. अपोलो-११च्या अंतराळवीरांनी १९६९ साली चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकाकडे पृथ्वीवरून सोडलेला लेसर तिथे पोचेपर्यंत किलोमीटरपेक्षाही रुंद होतो. हा यंत्राचा दोष नाही. प्रकाश हा तरंग आहे, आणि तरंगाला जितकं अरुंद जागेत कोंडावं तितका तो पुढे जास्त फाकतो. यालाच विवर्तन म्हणतात.

मग १९८७ साली अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात डर्निन, मिसेली आणि एबर्ली यांनी विवर्तनाचा नियम मोडला का? तसं सर्रास सांगितलं जातं, पण प्रयोग नीट पाहिला की गैरसमज उरत नाही. त्यांनी अडीच मिलिमीटर व्यासाची, जेमतेम १० मायक्रॉन रुंदीची गोल फट घेतली आणि तिच्यापुढे ३०५ मिलिमीटर नाभीय अंतराचं भिंग ठेवलं. फटीच्या प्रत्येक बिंदूतून निघालेला प्रकाश भिंगातून बाहेर पडताना अक्षाकडे एकाच कोनात, पाव अंशाहूनही कमी, झुकलेला असतो. चहूबाजूंनी आलेले हे तिरपे तरंग एकमेकांवर पडतात, आणि त्यांच्या व्यतिकरणातून मधोमध सुमारे ६० मायक्रॉन त्रिज्येचा तेजस्वी ठिपका व त्याभोवती वलयांमागून वलयं तयार होतात. एवढ्याच आकाराचा साधा झोत दोन सेंटिमीटरच्या आत पसरू लागला असता. हा ठिपका मात्र सुमारे ८५ सेंटिमीटर तसाच राहतो. तरंगांचं विवर्तन कुठेच थांबलेलं नाही. अक्षावरचा प्रकाश सतत बाहेर निसटतो आणि त्याची जागा बाजूने येणारा नवा प्रकाश घेतो. तिरपे तरंग जिथे एकमेकांवर पडायचे थांबतात तिथे ठिपकाही मावळतो. अशा अविवर्तनी झोताला बेसेल झोत म्हणतात. गणितातला परिपूर्ण बेसेल झोत अनंत अंतर जातो खरा, पण त्याला ऊर्जाही अनंत लागते. प्रयोगशाळेत मिळते ती त्याची मर्यादित आवृत्तीच.

खरी किंमत त्या वलयांत दडलेली आहे. प्रत्येक वलयात साधारण मधल्या ठिपक्याइतकीच ऊर्जा असते. डर्निन यांच्या मांडणीत साडेतीन मिलिमीटर त्रिज्येच्या भिंगात अशी पंचेचाळीसच्या आसपास वलयं मावतात, म्हणजे ठिपक्याच्या वाट्याला जेमतेम दोन टक्के ऊर्जा येते. म्हणूनच ‘या झोताने दूरवर वीज पाठवता येईल’ ही आशा मला निराधार वाटते. तेवढ्याच रुंदीच्या भिंगातून साधा झोत सोडला तर दूरच्या लक्ष्यावर एकूण ऊर्जा कमी पोचते असं नाही. बेसेल झोत फक्त बारीकपणा लांबवर टिकवतो.

झोत ‘स्वतःला बरा करतो’ हेही असंच अर्धसत्य. अक्षावर ०.२ मिलिमीटर जाडीचा अडथळा ठेवला तर ठिपका नाहीसा होतो आणि त्याच मांडणीत सुमारे अडीच सेंटिमीटर पुढे पुन्हा उमटतो. अडलेला प्रकाश परत येत नाही, तो गेला तो गेलाच. अडथळ्याच्या कडेबाहेरून आलेले तिरपे तरंग तिथे पोचतात, इतकंच. तरीही ही गोष्ट फार कामाची आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ साली एकाच झोताने एकमेकांपासून दूर असलेल्या वेगवेगळ्या पातळ्यांवरचे सूक्ष्मकण धरून दाखवले. पहिल्या कणाने झोत बिघडवला तरी दुसऱ्यापर्यंत तो सावरलेला असतो.

इथे रास्त आक्षेप येतो: दोन टक्के ऊर्जा मध्यभागी आणि बाकीची वलयांत, तर मग हा झोत वापरायचा कशाला? उत्तर पदार्थाच्या प्रतिसादात आहे. पहिल्या वलयाची तीव्रता मध्यबिंदूच्या १६ टक्के असते. दोन फोटॉन एकदम शोषले जाण्यावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शनात प्रतिसाद तीव्रतेच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे त्या वलयाचा वाटा तीन टक्क्यांच्याही खाली येतो. जिवंत पेशीत लांबवर एकसारखी पातळ प्रकाशरेषा मिळते आणि भोवतालचा गढूळपणा घटतो. साध्या, एका फोटॉनच्या प्रतिदीप्तीत ही सूट नाही. तिथे वलयं चित्र खरंच बिघडवतात. काच कापतानाही हाच हिशेब लागू पडतो. फेमटोसेकंद लेसरचा स्पंद बेसेल रूपात दिला तर ठरावीक उंबरठ्यापलीकडची तीव्रता फक्त अक्षावर असते. काचेच्या जाडीभर एकाच फटक्यात मायक्रॉनहूनही बारीक पोकळी पडते आणि वलयांखालची काच शाबूत राहते. साध्या भिंगाने तो ठिपका एवढ्या खोलवर बारीक राहत नाही, म्हणून काच थरांथरांनी कापावी लागते.

दुसरा अविवर्तनी झोत म्हणजे एअरी झोत. त्याच्या ‘वक्र वाटे’विषयीही नियम मोडत नसल्याचा तोच खुलासा पुरतो. मध्य फ्लोरिडा विद्यापीठात २००७ साली दिसलेल्या या झोताचं तेजस्वी शिखर परवलयात वळतं, पण संपूर्ण झोताचा ऊर्जामध्य सरळ रेषेतच जातो.