परदेशची रोपे आणि आपल्या बागा

रत्नागिरी जिल्ह्यातील पुष्कळ माणसे नोकरीनिमित्त आखाती देशांत असतात. गावी परतताना भेटवस्तूंबरोबर एखादे फळझाडाचे रोप किंवा बियाण्याची पुडी आणावी, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कापड आणणे आणि जिवंत रोप आणणे यांत मोठा फरक आहे. कापडावर फार तर जकात भरावी लागते. रोपाबरोबर मात्र कीड व रोग येतात आणि ते एकदा बागेत शिरले म्हणजे त्यांना परत पाठविता येत नाही.

पपईवरील पिठ्या ढेकणाचे उदाहरण बोलके आहे. मूळची मध्य अमेरिकेकडील ही कीड भारतात २००८ साली कोइमतूर येथे आढळली आणि थोड्याच वर्षांत महाराष्ट्रातील बागांतही पोहोचली. तिच्या बंदोबस्तासाठी २०१० साली पोर्तो रिको येथून तिचा नाश करणारा परोपजीवी कीटक आणावा लागला.

असे संकट टाळण्यासाठी २००३ चा वनस्पती संगरोध आदेश लागू आहे. त्यानुसार रोपे, कलमे व बियाणे आणण्यापूर्वी आयात परवाना घ्यावा लागतो. ज्या देशातून माल येतो तेथील वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्रही सोबत लागते. किडींचे कोष व रोगजंतू मातीत दडून राहतात. म्हणून मातीसह रोप आणण्यास मनाई आहे. जनावरे व पक्षी यांसाठी १८९८ चा पशुधन आयात कायदा असून त्यांनाही आरोग्य प्रमाणपत्र व तपासणी आवश्यक असते. सामानात काय आहे ते विमानतळावर स्वतः जाहीर करणे, हे १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यान्वये प्रवाशाचे कर्तव्य होय.

हा नियम केवळ आपणच करतो असे नव्हे. भारतीय मालात फळमाशी आढळल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू यांची आयात थांबविली. आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभी उठली. अमेरिकेचे दारही २००७ साली विकिरण प्रक्रियेच्या अटीवरच उघडले. त्यामुळे तिकडील नातलगांसाठी हापूसची पेटी प्रवासी सामानातून नेऊ नये. ती तेथील विमानतळावर जप्त होते.

फळमाशी फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या गर खातात व पुढे जमिनीत कोषावस्थेत जातात. म्हणून बागायतदारांनी गळलेली फळे रोज गोळा करून नष्ट करावीत, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेले रक्षक सापळे बागेत लावावेत आणि निर्यातीसाठी बागेची ‘मँगोनेट’ खाली नोंदणी करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती परदेशी माणसे असलेल्या घरांपर्यंत अवश्य पोहोचवावी. कोणी रोप आधीच आणले असल्यास ते न लावता तालुका कृषी अधिकाऱ्यांस त्वरित कळवावे. नवे झाड हवेच असेल, तर खात्रीच्या रोपवाटिकेतून घेतलेले कलम अधिक हितावह ठरेल.